मक्याचे माप



या व्यासपीठावर आजवर मोठमोठे विद्वान बोलून गेले. कुणी आपल्याला उपनिषदांतून हिंडवून आणले, कुणी ग्रहताऱ्यांपर्यंत नेले. आज एक संध्याकाळ आपल्याला हमालाबरोबर भुसार बाजारात यायचे आहे. चालक आमच्याकडे विषय विचारायला आले तेव्हा, हा माणूस संपाविषयी किंवा बोनसाविषयी बोलणार, अशी त्यांची समजूत होती. आम्ही 'मका' असे उत्तर दिले. त्यांनी शिष्टाचार म्हणून मान डोलावली, पण त्यांच्या चेहऱ्यावर शंका उमटलीच. ती आपल्याही मनात असेल. तिचे निरसन आधी करतो.

आमचे शिक्षण सातवीपर्यंत शाळेत झाले आणि पुढचे सारे रद्दीच्या दुकानात. चौदाव्या वर्षी आम्ही बाजारात पाठीवर पोते घेतले आणि पुढे हमाल-मापाड्यांच्या संघटनेच्या कामात पडलो. आता पन्नाशी ओलांडली आहे. एवढ्या वर्षांत शिकलेली मुख्य गोष्ट एकच : ज्याच्या हाती माप, त्याच्या हाती मजुरी. आपल्याकडे 'मापात पाप' म्हणतात. हे पाप काटा मारणाऱ्याचेच असते असे नाही. काटा अगदी खरा असतो, पण काय तोलायचे आणि काय तोलायचे नाही हे दुसराच कुणी ठरवतो, तेव्हाही पाप घडते. ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून अधिक वाईट.

१९७२ च्या दुष्काळात आम्ही दोन वर्षांचे होतो. आई मातीकामाला जात असे. खणलेल्या चौकड्या मोजून मजुरी मिळे. आई पुढे सांगायची, "बाबा, टेप खोटा नव्हता. पर आमच्या वाट्याला मुरूम यायचा आन् कागदावर मऊ माती लिहिली जायची." लांबी बरोबर, रुंदी बरोबर, खोली बरोबर, आणि हिशेब मात्र खोटा. मक्याच्या वाणांची पारख कशी होते हे वाचू लागलो, तेव्हा आईची ती चौकडी आम्हांला पुन्हा पुन्हा आठवली.

आता मका आमच्या वाटेत कसा आला ते सांगतो. त्यात आमचाच दोष आहे, म्हणून तो आधी कबूल करतो.

आमचे मूळ गाव माण तालुक्यात. पाऊस थोडा, आणि येईल त्याचाही नेम नाही. चार वर्षांमागे बागायती भागात आम्ही गोड मक्याचे एक प्रात्यक्षिक पाहिले. हिरवीगार ताटे, शेंड्यापर्यंत भरलेली कणसे, आणि बांधावर उभा राहून भाव सांगणारा खरेदीदार. आम्ही भाळलो. गावी जाऊन चुलतभावाला आणि आणखी पाच घरांना सांगितले की, बाजरी काय लावता, हे लावा. बियाण्यासाठी पतपेढीतून कर्ज काढून दिले आणि जामीन स्वतः राहिलो. ते साल २०२३ चे. पाऊस उशिरा आला, पेरण्या जुलैत झाल्या, आणि ऑगस्ट कोरडा गेला. १९०१ पासूनच्या नोंदींत देशभरात इतका कोरडा ऑगस्ट कधी झाला नव्हता. मका ऐन तुऱ्यात होता. खरेदीदाराचा माणूस आला, त्याने कणसे सोलून पाहिली. बुडाशी चार ओळी दाणे आणि वर बोडका दांडा. तो म्हणाला, "हा माल आमच्या मापात बसत नाही." त्याचे माप खोटे नव्हते. ते माप धरून आपण कोरडवाहू माळावर पेरा करायला सांगितला, ही चूक आमची. कर्ज आम्ही फेडले, पण चुलतभावाने त्या वर्षी दावणीची एक म्हैस विकली. तिचे पैसे आम्हांला फेडता आले नाहीत.

त्या म्हशीने आम्हांला अभ्यासाला बसवले. त्या अभ्यासातून जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

मका मूळचा मेक्सिकोचा. तिथल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुमारे ९००० वर्षांपूर्वी शेतकऱ्यांनी टिओसिंटे नावाच्या रानगवतापासून तो घडवला. तो इतका माणसाळला की स्वतःचे बी स्वतः पसरण्याची शक्तीही त्याच्यात उरली नाही. मनुष्याने सोलावे, मनुष्याने पेरावे, तरच त्याचा वंश चालतो. त्याचा नर डोक्यावर तुऱ्यात असतो आणि मादी कमरेला, कणसात. कणसातून बाहेर येणाऱ्या ज्या मिशा आपण भाजताना उपटून टाकतो, त्यांतली एकेक मिशी एकेका दाण्याची असते. तुऱ्यातला पराग त्या मिशीवर पडला तर तो दाणा भरतो, नाही पडला तर ती जागा रिकामी राहते.

पाण्याचा ताण पडला की झाड तुरा जवळजवळ वेळेवर काढते, पण मिशा मागे पडतात. पराग थोडे दिवस उडतो आणि संपतो. मग मिशा बाहेर येतात. वऱ्हाड जेवून गेले आणि मग नवरी मांडवात आली, असा तो प्रकार होतो. ज्वारीला पाणी तुटले तर ती काही काळ दम धरते आणि पाऊस आला की पुन्हा वाढीला लागते. मक्याला फुलोऱ्याच्या त्या आठ-पंधरा दिवसांत दम धरण्याची सवलत नाही. वर्षाचा पाऊस किती पडला हे मक्याला विचारू नये. तुरा आणि मिशा यांच्या वेळी तो पडला का, एवढेच विचारावे.

ही गोष्ट मेक्सिकोतल्या सिमिट या आंतरराष्ट्रीय मका-गहू संशोधन संस्थेतल्या लोकांनी फार चांगली हेरली. ही संस्था १९६६ साली स्थापन झाली. त्लाल्तिसापान नावाच्या ठिकाणी तिचे एक क्षेत्र आहे. तिथे हिवाळ्यात पाऊस नसतो, म्हणजे पाणी द्यायचे की तोडायचे हे आपल्या हाती राहते. १९७० च्या दशकात त्यांनी तुश्पेन्यो नावाच्या मक्यावर प्रयोग आरंभला. ऐन फुलोऱ्यात पाणी तोडायचे आणि त्या हालात जी झाडे टिकतात त्यांचेच बी पुढे धरायचे. तेव्हा एक गमतीची गोष्ट दिसली. दुष्काळात नुसते दाण्याचे वजन पाहून निवड करायला गेले की फसगत होते, कारण जमिनीतला खड्डा-उंचवटाही त्या वजनात मिसळलेला असतो. पण तुरा आणि मिशा यांच्यातले दिवस मोजले की झाडाचा खरा स्वभाव कळतो. अंतर कमी, तर झाड ताणाला टिकाऊ. ही मोजणी कुणालाही करता येते. तिला यंत्र लागत नाही, वही आणि रोजची फेरी लागते.

आता विशेष मका म्हणजे काय ते पाहू. आपल्या बाजारात येणारा बहुतेक मका कोंबड्यांच्या खाद्याला, स्टार्चच्या कारखान्याला आणि अलीकडे इथेनॉलला जातो. तिथे त्याची चव, रंग, पीठ कोणी विचारत नाही. वजन आणि ओल पाहिली की काम भागते. विशेष मका म्हणजे ज्याच्या अंगी असा एखादा गुण आहे की ज्यासाठी तो मुद्दाम मागितला जातो. लाह्यांचा मका गारगोटीसारखा कठीण असतो. गोड मक्यात साखरेचे पीठ व्हायचे थांबलेले असते. पांढरा मका भाकरीसाठी मागतात. चौथा सकस प्रथिनांचा मका, त्याच्याविषयी पुढे सांगतो.

या विशेष गुणांना कोरडवाहू शेतात दोन अडचणी येतात.

पहिली अडचण उगवणीची. अमेरिकेच्या अॅरिझोना प्रांतात होपी नावाचे आदिवासी अत्यंत कोरड्या प्रदेशात शतकानुशतके मका पिकवत आले आहेत. जी. एन. कॉलिन्स या शास्त्रज्ञाने १९१४ साली त्यांच्या मक्याविषयी लिहिले. होपी शेतकरी वरची कोरडी वाळू सोडून खाली ओल लागेल तिथे, हातभर खोल म्हणावे अशा ठिकाणी बी टोकतात, एकेका ठिकाणी मूठभर बी टाकतात आणि दोन ठिकाणांत भरपूर अंतर सोडतात. त्यांच्या मक्याचा कोंब इतका लांब वाढतो की तेवढ्या खोलीतून तो उजेडात येतो. दुसरा मका मधेच गुदमरतो. आता याच्याशेजारी आजचा अतिगोड मका ठेवा. त्याचे बी सुरकुतलेले असते, कारण आत पीठ कमी. शिदोरी कमी असलेला प्रवासी लांबचा पल्ला कसा मारणार? ते बी वरच्या थरात, चांगल्या ओलीतच पडावे लागते. ही गोष्ट आम्हांला २०२३ च्या आधी ठाऊक असती, तर ती म्हैस दावणीला राहिली असती.

दुसरी अडचण शेजाऱ्याची. मक्याचा पराग वाऱ्यावर जातो. शेजारच्या शेतातल्या साध्या मक्याचा पराग गोड मक्याच्या मिशीवर पडला, की तो दाणा त्याच हंगामात पिठूळ होतो. पांढऱ्या कणसात पिवळे दाणे दिसू लागतात. म्हणून दोन शेतांत दोनशे-चारशे मीटरांचे अंतर ठेवावे लागते, नाहीतर पेरणीत तीन-चार आठवड्यांचा फरक ठेवावा लागतो. ज्याची शेती दोन एकरांची, त्याच्या घरात चारशे मीटर येणार कुठून? त्याला शेजाऱ्याशी बोलावेच लागते. आम्ही आयुष्यभर कामगारांना सांगत आलो की एकट्याने मालकाकडे जाऊन भागत नाही. हीच गोष्ट मका शेतकऱ्याला सांगतो. विशेष मका हे गावाने एकत्र बसून ठरवायचे पीक आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. पारख कोणी करायची आणि कोणत्या मापाने?

आफ्रिकेत मलावी नावाचा एक छोटा देश आहे. मका हेच तिथले मुख्य अन्न. पांढऱ्या पिठाचा घट्ट गोळा शिजवतात, त्याला न्सिमा म्हणतात. तिथे सरकारी शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे जास्त उतारा देणारे संकरित मके दिले. हे मके बहुतेक खळीचे, म्हणजे दाण्याच्या डोक्यावर घोड्याच्या दातासारखा खळगा असलेले आणि आतून मऊ. शेतकरी ते फारसे घेईनात. 'पूर्वजांचा मका' म्हणून जो जुना कठीण दाण्याचा वाण होता, त्यालाच चिकटून राहिले. शहाण्या लोकांनी निदान केले की शेतकरी अडाणी आहे, जुनाट आहे.

शेतकरी अडाणी नव्हता. त्याच्या घरची बाई उखळात मका कांडत होती. कठीण दाणा कांडला की कोंडा सुटा होतो आणि आतला भाग शाबूत राहतो. मऊ दाण्याचा कांडतानाच भुगा होतो आणि पीठ कोंड्याबरोबर वाया जाते. शिवाय कणगीत ठेवला की मऊ दाण्याला सोंडे लवकर लागतात. शास्त्रज्ञाचे माप शेताच्या बांधाशी संपत होते. बाईचे माप उखळातून आणि कणगीतून जाऊन ताटात संपत होते. शेतात भरलेल्या पोत्यातले ताटात किती आले, हा तिचा हिशेब होता आणि तो बरोबर होता. १९९० साली मलावीच्या शास्त्रज्ञांनी एम.एच. १७ आणि एम.एच. १८ हे कठीण दाण्याकडे झुकणारे संकरित वाण बाहेर काढले, आणि 'अडाणी' शेतकरी ते घेऊ लागले. कर्जावर बी-खत मिळत होते हेही त्याचे एक कारण होते, ते लपवून ठेवण्याचे प्रयोजन नाही. पण नवे नको म्हणणाऱ्याने आपल्या कामाचे नवे मिळताच ते उचलले, हे विसरू नये.

दक्षिण ऱ्होडेशियाची, म्हणजे आजच्या झिंबाब्वेची, गोष्ट निराळी आहे. तिथे १९३२ पासून मक्याचा संकर चालू होता आणि १९६० साली एस.आर. ५२ नावाचा गाजलेला वाण बाहेर आला. वाण उत्तम होता, पण लांब मुदतीचा. त्याला चांगली जमीन आणि भरपूर पाऊस लागे. अशी जमीन होती गोऱ्या मळेवाल्यांकडे. काळ्या शेतकऱ्यांना बहुतांशी कोरडे, रेताड भाग दिलेले होते. त्या भागांना मानवतील असे थोड्या मुदतीचे वाण १९७० च्या दशकात आले. विज्ञानाने लबाडी केली असे आम्ही म्हणत नाही. पण प्रश्न जो विचारतो, उत्तर त्याच्याच शेताला लागू पडते.

तिसरी गोष्ट आपल्या देशाशी निगडित आहे. साध्या मक्यात लायसीन आणि ट्रिप्टोफॅन ही शरीराला लागणारी द्रव्ये कमी असतात. १९६४ साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात मर्ट्झ, बेट्स आणि नेल्सन यांनी दाखवून दिले की 'ओपेक-२' नावाच्या गुणामुळे मक्यात ही द्रव्ये पुष्कळ वाढतात. जगभर आनंद झाला. आपल्याकडे १९५७ पासून मक्याची अखिल भारतीय समन्वित योजना चालू होती. गंगा, रणजित, डेक्कन हे संकरित वाण १९६१ साली तिनेच दिले होते. १९७१ च्या सुमारास शक्ती, रतन आणि प्रोटिना हे सकस वाण आपल्याकडेही आले. आणि ते चालले नाहीत. दाणा खडूसारखा मऊ, दिसायला निस्तेज, वजनाला हलका, वाळायला उशीर, आणि सोंड्यांना मेजवानी. प्रयोगशाळेच्या मापात तो पहिला आला आणि बाजाराच्या मापात नापास झाला.

पण गोष्ट इथेच संपली नाही, हे महत्त्वाचे. आपल्या पंजाबचे सुरिंदर वासल आणि मेक्सिकोच्या एव्हान्जेलिना व्हियेगास या दोघांनी सिमिटमध्ये वर्षानुवर्षे खपून तो सकसपणा राखला आणि दाणा मात्र पुन्हा कठीण केला. लोकांनी नाकारले म्हणून ते लोकांवर रागावले नाहीत. त्यांनी नकाराचे कारण शोधले. २००० साली दोघांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपल्याकडे हरियाणाच्या कृषी विद्यापीठाने २००५ साली दिलेला एच.क्यू.पी.एम. १ हा त्याच परंपरेतला. मात्र हा गुण डोळ्यांना दिसत नाही. शेजाऱ्याच्या परागाने तो कमी झाला तरी दाणा तसाच दिसतो. तेव्हा इथेही शेजारधर्म आलाच.

मग उपाय काय? १९९० च्या दशकात मलावीतच सीगलिंडे स्नॅप या बाईंनी परीक्षणाची एक रीत बसवली. तिला 'आई आणि बाळे' असे नाव पडले. सिमिटने ती पुढे झिंबाब्वेत मक्यासाठी वापरली. गावातल्या मध्यवर्ती जागी, शाळेच्या किंवा केंद्राच्या शेतात, सगळे वाण शास्त्रशुद्ध रीतीने लावायचे. ही आई. आणि गावातल्या अनेक शेतकऱ्यांनी आपापल्या रानात, आपल्याच खतात, आपल्याच पाण्यात त्यांतले थोडेसे, बहुधा चार, वाण लावायचे. ही बाळे. आईकडून आकडे मिळतात. बाळांकडून समजते की गरिबाच्या मुरमाड पट्टीत त्या आकड्यांचे काय होते. आणि शेवटी शेतकऱ्याने व त्याच्या घरच्या बायकांनी प्रत्येक वाणाला आपले मत द्यायचे. पुढे २००७ ते २०१५ या काळात आफ्रिकेतल्या १३ देशांत दुष्काळ सोसणाऱ्या मक्याची मोठी मोहीम चालली. पिकाची पारख ही मतदानासारखी गोष्ट आहे, हे वाचून संघटनेच्या माणसाला किती आनंद झाला असेल याची आपण कल्पना करा.

आम्ही हीच रीत गावी नेली. २०२४ च्या खरिपात त्याच सहा घरांनी चार-चार ओळी टाकल्या. एक बाजारातला पिवळा संकरित, एक लाह्यांचा, एक सकस प्रथिनांचा, आणि एक गावचा जुना पांढरा. आजूबाजूचे शेतकरी बैठकीला बोलावले आणि कोणी केव्हा पेरायचे हे ठरवले. या बैठकीत एका जुन्या बांधाच्या भांडणामुळे दोन तास गेले, मका पंधरा मिनिटांत झाला. एका मुलीकडे वही दिली. तुरा कधी, मिशा कधी, लष्करी अळी कुठे, सारे तिने टिपले. ही अळी २०१८ साली आपल्या देशात आली. तिची नोंद नसलेली पारख आता अपुरीच.

कापणीनंतर आम्ही ऐटीत वही वाचून दाखवली. आमची आत्या शेवटी म्हणाली, "बापू, तुज्या वहीत दाणा हाय. पर माज्या म्हशीनं काय खाल्लं त्ये कुटं लिवलंय?" आम्ही गप्प झालो. वैरणीचा रकाना आम्ही आखलाच नव्हता. जो माणूस चाळीस वर्षे दुसऱ्याच्या मापातले पाप शोधत आला, त्याच्या स्वतःच्या वहीत ते निघाले, आणि तेही म्हशीच्याच बाबतीत.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला आणि पिवळा संकरित पहिला आला. लगेच गावात बूट निघाला की पुढच्या वर्षी सगळ्यांनी तोच लावायचा. चुलतभाऊ म्हणाला, "दादा, आता तर परीक्षा झाली." आम्ही म्हणालो, "परीक्षा झाली ती चांगल्या पावसाची. दुष्काळाचा पेपर अजून सोडवलेलाच नाही." सुकाळात जिंकणारा दुष्काळातही जिंकेल असे समजणे, म्हणजे बोनसच्या महिन्यावरून वर्षाचा पगार काढणे. तेव्हा त्लाल्तिसापानची युक्ती आम्ही आमच्या विहिरीवर केली. रब्बीत एक लहान तुकडा पेरला आणि तुरा दिसण्याच्या सुमारास पाणी तोडले. पाणी असताना पाणी तोडायचे, हे शेतकऱ्याला जिवावर येते. आमच्या भावाने दोनदा रात्री जाऊन मोटर चालू केली आणि सकाळी कबूलही केले. तरी जे दिसले ते बोलके होते. पिवळ्या संकरिताच्या मिशा तुऱ्यामागे आठवडाभर रेंगाळल्या आणि कणसे अर्धी बोडकी राहिली. लाह्यांच्या मक्याची कणसे लहान, पण भरलेली निघाली. जुन्या पांढऱ्याने दाणा थोडा दिला, पण ताटे शेवटपर्यंत हिरवी राखली. या खेपेला ती वहीत लिहिली गेली.

हा एका तुकड्याचा, एका हंगामाचा अनुभव आहे. त्यावरून महाराष्ट्राला उपदेश करण्याचा आमचा विचार नाही. वाणाचे नाव ऐकून कुणी उद्या पेरायला धावू नये. दुसऱ्याचे प्रात्यक्षिक पाहून धावल्याचे फळ आम्ही भोगले आहे. आम्ही नाव देत नाही, माप देतो. कोरडवाहू भागात विशेष मका घ्यायचा असेल तर इतके विचारावे. पाणी तुटलेल्या वर्षी काय हाती लागते? तुरा आणि मिशा यांत किती दिवस जातात? जनावराला किती उरते? घरात तो दळला, कांडला, भाजला जातो का, आणि एका मापाच्या किती मापे लाह्या होतात? कणगीत तो किती दिवस टिकतो? बी दरवर्षी विकत घ्यावे लागणार, की घरचे धरता येणार? कारण संकरिताचे बी घरचे धरले तर गुण फुटतो. आणि घेणारा कोण, व त्याचा नकार आला तर तो माल आपण खाऊ शकतो का? गोड मक्याचे कणीस तोडल्यावर त्याची साखर तासातासाने कमी होते. त्याला वाट पाहायला सांगता येत नाही. लाह्यांचा मका वाळवून, ओल बेताची ठेवून महिनोन्महिने थांबतो. ज्याचा माल थांबू शकतो, त्याला भावासाठीही थांबता येते. हमालीच्या दरासाठी भांडताना हेच बळ आम्हांला नेहमी कमी पडत आले.

कुणी विचारील, इतके करून उत्तर आले की मका लावूच नये, तर? तर ते उत्तरही घ्यावे. माणदेशात बाजरी आणि ज्वारी घरच्या आहेत, मका पाहुणा आहे. पाहुण्याला सगळे घर देऊ नये, ओसरी द्यावी. आमच्या सहा घरांनी तेच केले. बाजरी आपल्या जागी आहे आणि कडेच्या पट्टीत लाह्यांचा मका उभा आहे.

शास्त्रज्ञांविरुद्ध बोलायला आम्ही उभे राहिलो असे कृपा करून कुणी समजू नये. संकराचे, सकसपणाचे, ताणाचे जे ज्ञान आहे ते त्यांच्याच कष्टाचे. आमचे म्हणणे एवढेच की, गिरणीत यंत्र बसवताना जसे ते चालवणाऱ्याला विचारावे, तसे बी निवडताना ते पेरणाऱ्याला, कांडणाऱ्या बाईला आणि, जमल्यास, म्हशीलाही विचारावे. आपण शहरात राहणारी मंडळी भाजलेले कणीस हाती घेतो, लिंबू-मीठ चोळतो आणि दोन मिनिटांत संपवतो. पुढच्या वेळी कणीस सोलताना त्या मिशांकडे एकवार पाहा. त्यांतली एकेक मिशी वेळेवर बाहेर आली म्हणून तो एकेक दाणा आपल्या दाताखाली आला आहे.

गेल्या दिवाळीत चुलतभावाने नवी म्हैस घेतली. ती लाह्यांच्या मक्याच्या पैशातून आली असे सांगायला आम्हांला फार आवडले असते, पण ते खरे नाही. तिचे निम्मे पैसे त्याच्या मुलाच्या पगारातून आले. हिशेब खरा मांडायचा ठरवल्यावर तोही सांगितलाच पाहिजे.